वेडा राघू काचेत येईना

श्रावण वद्य ६, शके १८६५. हिंगोली

भाऊजी येऊन गेले. सणवार न्हाई, निरोप न्हाई, मोटारीतून उतरले ते थेट ओसरीवर. तेव्हाच ओळखलं, काहीतरी मागायला आलेत.

"वैनी, दादाचा कॅमेरा म्हणजे आमच्या घरची वस्तू. तुमी माहेरी घेऊन बसल्या. वाशिमात एकजण फोटोचं दुकान काढून राहिला, त्याला पाहिजे."

मी म्हणलं, हे गेल्यावर तुमी शेत घेतलं, भांडी घेतली, मी तोंड उघडलं का? कॅमेरा देणार न्हाई. मी वापरते तो.

हसले. "तुमी? दादाला जन्मभर एक उडता वेडा राघू काढता आला न्हाई. तुमी काढून दाखवा, कॅमेरा तुमचा. पुन्ना नाव काढणार न्हाई. दिवाळीला येतो."

"दाखवते," मी बोलून गेले. जिभेला हाड न्हाई हेच खरं.

दिगूनं भाऊ म्हणून दोन शब्द बोलायचे, तर पान जुळवत बसला. आणि त्याची बायको कावेरी चहा घेऊन आली ती गोड हसून म्हणती, "बसा की, गोरेगावच्या जावयाला एवढी काय घाई?" भाऊजींची बायको गोरेगावची. कावेरी गोरेगावची. एका आळीतल्या. हे मला आधी काहून सुचलं न्हाई?

श्रावण वद्य ९

परसात कॅमेरा लावला. शेवग्यापासून भिंतीच्या खुंटीपर्यंत कपड्याची दोरी आहे, राघू तिच्यावर येऊन बसतो. माशी दिसली की सुटतो, हवेतच धरतो, गिरकी मारून परत त्याच जागी. त्याच जागी! वेडा म्हणे. त्याच्याइतकं ठिकाणावर डोकं या घरात कुणाचं न्हाई.

हे उडत्या पाखरामागं कॅमेरा फिरवायचे, म्हणून त्यांना साधलं न्हाई. मी वेगळं करते. पाखराच्या मागं जायचंच न्हाई. काळ्या फडक्याखाली दोरीची जागा बराबर जमवून ठेवायची, खटक्याला सुतळी बांधून ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत घ्यायची, आणि जात्याजवळ बसून राहायचं. परत फिरला की ओढायची.

आज ओढली. फोटोची काच कोठीच्या अंधारात औषधात धुतली. दोरी अशी स्पष्ट की पीळ मोजून घ्यावा. राघू न्हाई. उशीर झाला.

श्रावण वद्य ११

पुन्हा ओढली. या खेपेला पंखाचा नुसता फराटा, रांगोळीवर पदर फिरल्यासारखा. पण आहे! काचेत काहीतरी आहे.

गुळाचं पाणी वाटीत ठेवलं तुळशीजवळ, माशा याव्यात म्हणून. कावेरी म्हणती, "वन्सं, माणसाला चहापुरता गूळ मिळंना, तुमी माशांना घालून राहिल्या." खरं आहे म्हणून वाटी जरा आडोशाला सरकवली. पण तिनं वाटी किती वेळा पाहिली ते मी पाहिलं.

भाद्रपद शुद्ध ३

काच काळी निघाली. सगळी. तव्याच्या बुडासारखी.

असं होत न्हाई. उजेड लागल्याबिगर काच अशी होत न्हाई. कोठीच्या खोलीत मी दाराला गोधडी लावते, कंदिलाला लाल कागद, सगळं यांनी शिकवलं तसं. माझ्या हातून चूक न्हाई.

लढाई चालू आहे. हैदराबादेच्या दुकानदारानं सांगून टाकलं, नव्या काचा येत न्हाईत. डब्यात आहेत त्या यांच्या वेळच्या. त्या संपल्या की कॅमेरा म्हणजे नुसतं खोकं, ते भाऊजींनी खुशाल न्यावं.

भाद्रपद शुद्ध ७

दुसरीही काळी.

आता बसून विचार केला. काच मी अंधारात चौकटीत भरते. चौकटीला पत्र्याचं झाकण, ते वर ओढलं की काच उघडी. भरलेली चौकट कोठीच्या फळीवर ठेवते. खाली ज्वारीची कणगी. ज्वारी काढायला रोज कोण जातं?

आजपासून इथं तिचं नाव लिहिणार न्हाई. गो. लिहीन, गोरेगावची म्हणून. वही कुणाच्या हाती पडली तर बोभाटा नको.

दिगूला आडून विचारलं. तो म्हणतो, "अक्का, चौकट जुनी हाय. पावसाळ्यात लाकूड फुगलं असंल, फटीतून उजेड जात असंल." बायकोची बाजू बरी घेता येती. भाऊ म्हणजे लग्न होईपर्यंत भाऊ.

भाद्रपद शुद्ध ८

चौकटीच्या झाकणावर, अगदी कडेला, तुरीची एक डाळ ठेवली. हलवलं तर पडणार.

भाद्रपद शुद्ध ९

डाळ न्हाई. फळीवर न्हाई, खाली न्हाई.

उंदरानं खाल्ली का? उंदीर असता तर कणगी सोडून एक डाळ खायला फळीवर चढला असता का? काच धुवून पाहिली. काळी.

जेवताना गो.च्या तोंडाकडं पाहत होते. तिनं मला वाढलं, चटणी पाहिजे का विचारलं. पक्की आहे.

भाद्रपद शुद्ध १३

भिंतीपलीकडची नूरबी आज हळूच हाक मारून म्हणाली, "बाई, तुम्हारा वो डब्बा हमारे घर की तरफ काहे को है? घरवाले पूछ रै थे."

मी सगळ्यांवर नजर ठेवून, आणि नूरबीच्या घरी माझ्यावरच शक! तिच्या घरात पडदा. कॅमेरा भिंतीकडं तोंड करून, वर काळं फडकं. कुणालाही वाटावं. तिला बोलावून घेतलं, फडक्याखाली डोकं घालायला लावलं. आतल्या काचेवर दोरी, शेवगा, दिगूचं धोतर, सगळं उलटं टांगलेलं. तिची भिंत फक्त तळाशी बोटभर येत होती, उलट्या चित्रात ती वर दिसली. "हाय अल्ला, सब उल्टा!" म्हणून पोट धरून हसली. मग म्हणाली, राघू सकाळी आधी त्यांच्या चिंचेवर बसतो, मग आमच्याकडं येतो. सुटला की ती भिंतीवरच्या तांब्याला टिचकी मारील.

गो. दारात उभी होती. ती पण पुढं आली असती का? तिनं विचारलं न्हाई, मीही म्हणलं न्हाई.

भाद्रपद वद्य १

गो.चा भाऊ गोरेगावहून आला, तिला चार दिवस घेऊन जायला. आई आजारी म्हणे. बोलता बोलता म्हणतो, "तुमच्या भाऊजीनं वाशिमवाल्याला शब्द देऊन टाकला, बयाना पण घेतला." घ्या! माझी दिवाळी व्हायची आहे आणि यांनी दिवे लावून ठेवले. एवढा भरवसा कशाचा? घरातून कुणी सांगितल्याशिवाय?

गो.नं जाताना पाया पडून विचारलं, "वन्सं, येताना काय आणू?" मी म्हणलं, काही नको.

भाद्रपद वद्य ३

काच स्वच्छ निघाली!

दोरी, शेवग्याचं पान, आणि कडेला राघूची शेपटी, तिच्यातली ती बारीक काडी सुद्धा. बाकी राघू काचेबाहेर गेलेला. पण काळी न्हाई, काळी न्हाई.

ती घरात न्हाई आणि काच काळी न्हाई. आता आणखी काय पुरावा पाहिजे? दिगू म्हणतो, "तीन दिवस पाऊस न्हाई अक्का, लाकूड सुकलं." मी काच वाळायला उभी केली. आनंद व्हायला पाहिजे होता, झाला न्हाई. खरं सांगायचं तर वाईट वाटलं. चटणी पाहिजे का विचारणारं माणूस, आणि असं करावं?

भाद्रपद वद्य ६

गो. आली. माझ्यासाठी बिब्याच्या गोडंब्या आणल्या, मला आवडतात म्हणून. खाल्ल्या न्हाईत. फळीवर ठेवल्या.

रात्री थोड्या खाल्ल्या.

भाद्रपद वद्य १२

पितरपाट. परसात कावळेच कावळे. राघू फिरकत न्हाई. चौकट भरलीच न्हाई, काच वाचवते. काचांचा डबा आता कोठीत न्हाई, माझ्या पेटीत लुगड्यांच्या खाली. पेटीला कुलूप न्हाई. कुलूप लावलं तर दिगूला लागेल.

आश्विन शुद्ध ४

घट बसले. ऊन कसं निवळशंख पडलंय. राघू परत आला, जोडीनं. नूरबीची टिचकी, माझी सुतळी, दोन्ही बराबर, पण ऐन वेळी गो. धुणं घेऊन परसात. भुर्रर. "अग बाई, दिसलंच न्हाई वन्सं." दिसलं न्हाई! एवढा मोठा तिपाईवरचा कॅमेरा!

आश्विन शुद्ध ८

उद्यासाठी चौकट भरून कॅमेऱ्यात बसवून ठेवली. कॅमेरा माझ्या उशाशी.

आश्विन शुद्ध ९, खंडेनवमी

आज झालं ते एका दमात लिहून काढते.

सकाळी देवीला जाऊन आले. घरात पाऊल टाकलं तर देवघरापुढं पाट मांडलेले, दार सताड उघडं, सूर्य थेट आत. पाटावर दिगूची दौत आणि लेखणी, विळा, कुऱ्हाड, सुप, तागडी. त्यांच्या बाजूला माझा कॅमेरा, त्याला झेंडूची माळ. आणि पुढं माझा काचांचा डबा, उघडा. एकेक काच काळ्या कागदातून काढून ओळीनं मांडलेली. प्रत्येकीवर हळद, कुंकू, अक्षता, एकेक फूल.

सगळ्या. एकही न्हाई राहिली.

मी किंचाळले. काय बोलले ते इथं लिहवत न्हाई. सटवे म्हणाले, गोरेगावची हेर म्हणाले, भाऊजीनं तुला काय कबूल केलं म्हणाले. दिगू कापसाच्या जिनातून जेवायला आला तो दारातच थबकला.

कावेरीनं हातातला कुंकवाचा करंडा खाली ठेवला. मग रडत रडत म्हणती, "तुमचं हत्यार हाय ना ते? समद्यांच्या हत्याराला कुकू लावलं. तुमचंच तेवढं पेटीत ठिवावं? म्हणलं वन्संच्या काचीत पाखरू येईना, देवीपुढं ठिवावं. एकीला लावून दुसरीला न लावणं बरं न्हाई, म्हणून समद्या उघडल्या."

"आणि भाद्रपदातल्या? त्या कुणी काळ्या केल्या?"

उठली, घटाला हात लावला. "देवीशपथ, त्यांना म्या हात लावला न्हाई."

मी तरातरा कोठीत गेले आणि दार लावून घेतलं.

आश्विन शुद्ध १०, दसरा

सोनं द्यायला कावेरी आली. घेतलं, आणि पाठ फिरवली.

एक गोष्ट डोक्यातून जाईना. हे गेल्यापासून या घरात माझ्या कुठल्याच वस्तूला कुणी कुंकू लावलं न्हाई. हळदीकुंकवाला मला आत बसायला सांगतात, नव्या सुपाला सुद्धा माझा हात आधी लागू देत न्हाईत. आणि या बाईनं माझ्या कॅमेऱ्याला टिळा लावला. काल माळ काढताना तो टिळा मी पुसला न्हाई. पुसवलाच न्हाई. त्याच्याकडं बघून खूप रडले.

मग रडणं थांबल्यावर दुसरं सुचलं. इतकं भोळं कुणी असतं का? लाल कंदील, दाराला गोधडी, "उजेड येऊ देऊ नका" म्हणून मी श्रावणापासून ओरडून राहिले. हे हिनं ऐकलं न्हाई? एकाच घरात राहून?

ऐकलं असंल तर पूजा कसली. आणि ऐकलं नसंल, तर मी तिला कधी नीट सांगितलं तरी का? नूरबीला दाखवलं. हिला न्हाई.

आश्विन शुद्ध १२

आज भाजी निवडताना एकदम आठवलं, तशीच उठले. कॅमेऱ्यातली काच! अष्टमीला भरलेली. ती डब्यात नव्हतीच.

कावेरीला विचारलं, कॅमेऱ्याचं मागचं पत्र्याचं झाकण ओढलं होतं का? शांतपणानं विचारलं, आवाज चढू दिला न्हाई.

"ते व्हय? न्हाई वन्सं, ते निघालंच न्हाई."

निघालंच न्हाई! म्हणजे ओढून पाहिलं. किती ओढलं? बोटभर वर येऊन परत बसलं असंल तर? ती म्हणती, जरा पण हाललं न्हाई. वरून काही कळत न्हाई. काच चांगली असंल, नसंल, धुतल्याबिगर देवाला सुद्धा सांगता येणार न्हाई.

एकच आहे आता.

आश्विन वद्य ४

सुतळी हातात घेऊन बसते, ओढवत न्हाई. राघू येतो, जातो. प्रत्येक वेळी वाटतं, पुढचा याच्यापेक्षा बरा असंल.

आश्विन वद्य ८

आज कावेरीला म्हणलं, ये, बघ. फडक्याखाली घेतली. बराच वेळ आतच राहिली, मला वाटलं गुदमरली का काय. बाहेर आली तर केस विस्कटलेले, म्हणती, "वन्सं, हे तुमी रोज बघता? आणि आमाला दाखवलं न्हाई?"

मग दोघी जात्याजवळ बसलो. माझी नजर दोरीवर, तिची शेवग्यावर. नूरबीची टिचकी आली. राघू बसला, सुटला. माशीमागं इतका वर गेला की दिसेनासा झाला. कावेरीनं माझ्या मांडीवर जोरात चापट मारली, "आत्ता!" आणि मी ओढली.

खटका वाजला तेव्हा पंख पसरलेले होते, पाय पुढं, दोरीपासून वीतभर. मी पाहिलं. या डोळ्यांनी पाहिलं. काचेनं पाहिलं का?

आश्विन वद्य १२

काच अजून धुतली न्हाई. औषध संपलं न्हाई, वखत न्हाई असंही न्हाई. भीती वाटते. कावेरी रोज विचारती. दिगू म्हणतो, "अक्का, आता जे हाय ते हाय." उद्या धुते म्हणते आणि चकल्या तळत बसते.

कार्तिक शुद्ध १, पाडवा

भाऊजी सकाळीच आले. सोबत गोणपाट आणि दोरी, कॅमेरा बांधून न्यायला. गोणपाट! मला विचारायच्या आधीच.

"काय वैनी, निघालं का पाखरू?"

मी तोंड उघडलं. खरंच सांगणार होते, काच धुतली न्हाई, चला, तुमच्यासमोर धुते. काळी निघाली तर न्या. तेवढ्यात फराळाचं ताट घेऊन कावेरी आली.

"निघालं की भाऊजी! आमी दोघींनी पाह्यलं. पंख असे पसरलेले, चोचीत माशी, माशीचा पंख सुद्धा दिसते. काच वाळून राहिली आत. आता हात लागला तर मसाला सुटते, म्हणून न्हाई दाखवत. होळीला या, कागदावर काढून देतो."

भाऊजी माझ्याकडं न बघता तिच्याकडंच बघत होते. "खरं?"

"लक्ष्मीच्या दिव्याशपथ," म्हणाली, आणि दिव्याकडं हात केला. डोळे थेट भाऊजींच्या डोळ्यात. आवाज कसा, वरणात मीठ बराबर आहे म्हणावं तसा.

भाऊजींनी हातातली करंजी ताटात परत ठेवली. मग म्हणाले, "दादाला दाखवायला पाहिजे व्हतं." मला त्यांची दया आली, आणि रागही आला. उठताना म्हणाले, "ऱ्हाऊ द्या कॅमेरा. वाशिमवाल्याचा बयाना परत करतो." गोणपाट काखेत मारून गेले.

दिगूनं मान खाली घातली होती. त्याला सगळं माहीत होतं, बोलला न्हाई. आज पहिल्यांदा त्याचं गप बसणं कामी आलं.

कॅमेरा माझा झाला. मी कावेरीला पोटाशी धरलं, लाज सोडून रडले. ती पाठीवर हात फिरवत म्हणती, "खोटं बोलले वन्सं, पाप लागंल का?" मी म्हणलं, लागलं तर माझ्या वाट्याला.

कार्तिक शुद्ध २, भाऊबीज

दिगूला ओवाळलं.

झोप लागली न्हाई नीट. सारखी ती बोलताना दिसती. दिव्याची शपथ, आणि पापणी हलली न्हाई. माशीचा पंख सुद्धा घातला तिनं त्यात. मला जन्मात जमलं नसतं.

माझ्यासाठी बोलली. मला कळतं. माझ्यासाठी खोटी शपथ घेणारी या घरात एवढी एकच बाई. तिचे उपकार फिटायचे न्हाईत.

पण इतक्या सहज शपथ घेता येती हिला, तर घटाला हात लावून घेतली ती खरी होती का अशीच?

दुपारी कावेरीनं कोठी झाडून घेतली. थाळ्या घासून पालथ्या घातल्या, कंदिलाला नवा लाल कागद चिकटवला, गोधडी दाराला टांगली. मग पदराला हात पुसत आली. "वन्सं, चला, धुऊ काच. मी दाराशी उभी ऱ्हाते, उजेडाचा कण आत येऊ देत न्हाई."

चौकट माझ्या हातात होती. कॅमेरा तर आता कुणी नेत न्हाई. राघू आला काय, न आला काय, भाऊजी होळीपर्यंत विसरतील. तरी पाय उचलंना. आज भीती राघूची न्हाई; काच काळी निघाली तर हिच्याकडं कसं बघू?

म्हणलं, सणासुदीचं हात कशाला काळे करायचे. राहू दे.

ती म्हणाली, "बरं," आणि तिथंच उभी राहिली.